पाने मांडली, जेवण झालेच नाही

स्वप्न सांगण्याची जुनी रीत आपल्या घरांतून अजून टिकून आहे. सकाळचा चहा चालू असता कोणीतरी म्हणते, "काल काय विचित्र स्वप्न पडले!" आणि एक हकीगत सुरू होते. तिच्यात राहते घर मध्येच रेल्वेचे स्थानक होते. कित्येक वर्षांपूर्वी निवर्तलेले काका दारात उभे राहून कपाटाची किल्ली मागतात. आणि परीक्षेला बसायचे असते, पण पायात वहाणा नसतात. ऐकणारी मंडळी हसतात, "मग पुढे?" म्हणून विचारतात. परंतु घराचे स्थानक कसे झाले याचा खुलासा मात्र कोणी मागत नाही. स्वप्नाचे कायदे जागेपणीच्या कायद्यांहून वेगळे असतात, हे आपण नकळत्या वयापासून मान्य केलेले असते.

हीच मंडळी रात्री चित्रपट पाहावयास बसली, की त्यांची वृत्ती पालटते. पडद्यावरचा मनुष्य एका दारातून आत शिरला आणि भलत्याच ठिकाणी बाहेर पडला, तर लगेच प्रश्न येतो : "याचा अर्थ काय?" अर्थ तत्काळ हाती लागला नाही, की कोणी पाणी पिण्यास उठते, कोणी भ्रमणध्वनीत डोके घालते, आणि अर्ध्या तासात संच बंद होतो. घरातल्या माणसाच्या स्वप्नाला आपण जे औदार्य दाखवितो, ते कलावंताच्या स्वप्नाला का नाकारतो, हा प्रश्न मला विचार करण्यासारखा वाटतो.

असे स्वप्नमय चित्रपट जगात सुमारे शंभर वर्षे निर्माण होत आहेत. आपल्याकडे ते पाहावयास मिळणे एके काळी फार कठीण होते. कलकत्त्यास १९४७ साली फिल्म सोसायटी निघाली, १९५९ मध्ये अशा संस्थांचा महासंघ झाला, १९६४ मध्ये पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. आणि या संस्थांच्या आश्रयाने थोड्या रसिकांना परदेशी चित्रपटांचे दर्शन होत असे. लहान शहरांतील कुटुंबांच्या वाट्याला ते क्वचितच आले. आज तेच चित्रपट आपल्या बैठकीच्या खोलीत येऊन उभे आहेत. प्रश्न उरतो तो त्यांचे स्वागत कसे करावे, हा. अशा पाहुण्याची ओळख प्रथमच होत असेल त्या घरासाठी मी एक चित्रपट सुचवितो. त्याचा विषयच पाहुणे आणि जेवण हा आहे.

स्वप्नांचा कलावंत

लुइस बुन्युएल हा दिग्दर्शक १९०० साली स्पेनमधील कालांदा या गावी जन्मला. त्याच सुमारास व्हिएन्ना येथे फ्रॉइडचा स्वप्नमीमांसेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला होता, हा एक सूचक योगायोग. पुढे १९२४ मध्ये पॅरिस येथे आंद्रे ब्रेताँ या कवीने अतिवास्तववादाचा जाहीरनामा काढला. तर्काचा पहारा उठवून मनाच्या तळघरातील गोष्टींना मोकळेपणी वर येऊ द्यावे, असा या पंथाचा आग्रह होता. बुन्युएल आणि त्याचा चित्रकार मित्र साल्वादोर दाली यांनी एकमेकांना आपापली स्वप्ने सांगितली. एकाच्या स्वप्नात ढगाची लांबट रेघ चंद्राला कापीत गेली, जसा वस्तरा डोळ्याला कापीत जावा. दुसऱ्याच्या स्वप्नात हाताच्या तळव्यावर मुंग्या वळवळत होत्या. या दोन स्वप्नांतून १९२९ साली 'अँ शिएँ आंदालू' हा जेमतेम सोळा-सतरा मिनिटांचा मूकपट जन्मास आला. तर्काने उलगडा होऊ शकेल अशी एकही प्रतिमा ठेवावयाची नाही, हा त्या दोघांनी लिहिताना पाळलेला नियम. पहिल्या खेळाच्या वेळी प्रेक्षक खवळले तर फेकण्यासाठी बुन्युएल खिशात दगड घेऊन पडद्यामागे उभा होता, असे त्याने स्वतःच आठवणींत लिहिले आहे. दगडांची गरज पडली नाही. लोकांनी टाळ्या वाजविल्या.

तो मूकपट मात्र घरी प्रारंभीच लावू नये. वस्तऱ्याचे ते दृश्य पाहणे धीट माणसासही कठीण जाते. मी म्हणतो तो चित्रपट बुन्युएलने वयाची सत्तरी उलटल्यावर, १९७२ साली, फ्रान्समध्ये केला. 'द डिस्क्रीट चार्म ऑफ द बूर्झ्वाझी' हे त्याचे इंग्रजी नाव. मराठीत 'भद्रलोकांची सोज्ज्वळ मोहिनी' असे काहीसे म्हणता येईल. परदेशी भाषेतील उत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर पारितोषिक त्याला मिळाले. लांबी पावणेदोन तासांहून थोडी कमी.

या चित्रपटाचे बीज एका घरगुती फजितीत आहे. निर्माता सर्ज सिल्बरमन याने एकदा काही मंडळींना आपल्या घरी रात्रीच्या जेवणाचे निमंत्रण दिले, आणि ही गोष्ट पत्नीला सांगावयास तो विसरला. एवढेच करून तो थांबला नाही. त्याच रात्री स्वतःला दुसरीकडे जेवावयास जायचे आहे, हेही त्याच्या ध्यानात राहिले नाही. पाहुणे फुले वगैरे घेऊन दारात आले, तेव्हा गृहस्वामिनी जेवून, झोपण्याच्या तयारीत होती. ही हकीगत बुन्युएलने ऐकली, आणि तिच्यातून चित्रपटाचा पहिला प्रसंग तयार झाला.

जेवण का होत नाही?

कथा सांगावयाची तर एका वाक्यात संपते : सहा प्रतिष्ठित स्नेही एकत्र जेवावयास बसू पाहतात आणि त्यांचे जेवण काही केल्या होत नाही. प्रथम तारखेचा घोटाळा. मग मंडळी एका खाणावळीत जातात, तर शेजारच्या खोलीत मालकाचे प्रेत ठेवलेले आणि नोकर शोक करीत असलेले. पुढल्या वेळी पाहुणे वेळेवर येतात, तर यजमान दांपत्यच खिडकीतून बागेत निसटलेले असते. तिघी स्त्रिया उपाहारगृहात बसतात, तर प्रथम चहा संपलेला, मग कॉफीही नाही, शेवटी पाण्यावाचून काहीच नाही. पुन्हा एकदा पाने मांडली जातात, तर युद्धसरावासाठी निघालेली फौज घरात शिरते. दर वेळी ही मंडळी किंचित हसतात, क्षमा मागतात, पुन्हा भेटीची वेळ ठरवितात. शिष्टाचारात तिळभर उणे पडत नाही. पोटात मात्र घास जात नाही.

येथपर्यंत हा एक तिरकस विनोदी चित्रपट वाटतो. मग हळूच जमीन सरकू लागते. एका सेनाधिकाऱ्याकडे मंडळी जेवावयास जातात. नोकराच्या हातून भाजलेली कोंबडी खाली पडते, आणि ती खोटी, नाटकातल्या सामानासारखी आहे असे दिसते. इतक्यात एका बाजूचा पडदा वर जातो. समोर प्रेक्षागृह भरलेले आहे! हे जेवणघर म्हणजे रंगमंच आहे, आणि या भद्रजनांना आपली भाषणे येत नाहीत. प्रॉम्प्टर शब्द पुरवितो. प्रेक्षक ओरडू लागतात. आणि सहांपैकी एकजण, सेनेशाल, घाम पुसत जागा होतो. आपण सुटकेचा निःश्वास टाकतो : स्वप्न होते तर! नंतर मंडळी त्या सेनाधिकाऱ्याकडे खरोखरीच जातात, तेथे अपमानावरून वाद वाढतो, पिस्तूल झाडले जाते, आणि आता दुसराच एकजण, तेव्हनो, जागा होतो. सेनेशालला स्वप्न पडले, असे स्वप्न याला पडले होते! मघाशी ज्या जागेपणावर आपण विश्वास ठेवला, तोही कोणाच्या तरी झोपेचा भाग होता.

येथे आपल्या परिचयाच्या एका चित्रपटाशी तुलना करावीशी वाटते. राज कपूरच्या १९५१ च्या 'आवारा'मधील भव्य स्वप्नदृश्य ज्यांनी पाहिले नाही असे घर विरळा. परंतु त्या स्वप्नाला कुंपण आहे. कोण झोपला, स्वप्न कोठे सुरू झाले आणि कोठे संपले, हे आपल्याला ठाऊक असते. ढग, धूर, प्रचंड जिने आणि मूर्ती पाहताच आपण सावध होतो. बुन्युएलने हे कुंपण काढून टाकले. त्याच्या स्वप्नांत धूर नाही, छाया नाही. तेच टेबल, त्याच बशा, तोच उजेड. कोणी दचकून जागे होईपर्यंत आपण स्वप्नात होतो याची गंधवार्ताही लागत नाही. खरी स्वप्ने अशीच असतात. स्वप्न पाहत असताना कोणाच्याही डोळ्यांसमोर धूर नसतो.

यांतील काही स्वप्ने बुन्युएलची स्वतःचीच आहेत. रंगमंचावर उभे आहोत आणि एकही वाक्य आठवत नाही, हे स्वप्न त्याला वारंवार पडत असे. एक शिपाई मध्येच येऊन मृतांच्या गल्लीत मित्र भेटल्याचे स्वप्न सांगतो. ते दिग्दर्शकाच्या एका दिवंगत भावंडाविषयीच्या स्वप्नावर बेतलेले आहे. दिवसाचे दोन तास जागेपणाला आणि बाकीचे बावीस स्वप्नांना मिळाले तर आपण संतुष्ट राहू, अशा अर्थाचे त्याने म्हातारपणी लिहून ठेवले आहे.

आमच्या घरातील प्रेक्षक

हा चित्रपट आमच्या घरी प्रथम लागला तेव्हा आम्ही चौघे होतो. अभियंता असलेला मुलगा प्रारंभापासून हिशेब मांडीत होता : हे स्वप्न याचे, ते त्याचे, आणि रस्त्यावरून चालणारी सहा माणसे कोणाच्या स्वप्नात? सूनबाई मोकळेपणाने हसत होती. मी, व्यवसायधर्मास अनुसरून, रूपक शोधीत होतो. माझी पत्नी मात्र एक शब्दही बोलली नाही. तिला इंग्रजी उपशीर्षके भरभर वाचता येत नाहीत; तेव्हा ती कंटाळली असावी असे आम्हांस वाटले. चित्रपट संपल्यावर मुलाने विचारले, "आई, काही कळले का?" ती म्हणाली, "त्यात न कळण्यासारखे काय आहे? मला हे स्वप्न नेहमी पडते. पाहुणे दारात आलेले असतात आणि चूल पेटलेली नसते. भात लावावा म्हणून डबा उघडावा, तर त्यात भलतेच काहीतरी. तुम्ही सगळे बाहेर बसून हसत असता."

आम्ही तिघे क्षणभर निरुत्तर झालो. तीस वर्षांहून अधिक काळ या घरात पंक्ती उठल्या. आल्यागेल्याला कधी विन्मुख पाठविले नाही, याचा आम्हांस अभिमान. त्या अभिमानाचा भार रात्री कोणाच्या झोपेवर पडत होता, याची चौकशी कोणी केली नव्हती. मुलाने आणि मी अर्थ शोधण्यात दीड तास घालविला होता. तिने आपले स्वप्न पडद्यावर ओळखले होते. सूनबाई हळूच म्हणाली, "मलाही पडते, फक्त चुलीऐवजी गॅसची टाकी संपलेली असते." त्या रात्री सासू-सुनेचे बोलणे बराच वेळ चालले. इतके मोकळे बोलणे मी त्या दोघींत पूर्वी ऐकले नव्हते.

असा चित्रपट घरी पाहण्याचा खरा लाभ मला येथे दिसतो. चित्रपटगृहात प्रत्येकजण अंधारात एकटा असतो आणि दिवे लागताच घरी निघतो. घरी पाहणारे एकमेकांचे आप्त असतात. एकाचे भय दुसऱ्याच्या कानी पडण्याची सोय असते.

हे आपल्याला परके नाही

"ही सारी पाश्चात्यांची विकृती, आपल्या संस्कारांत हे बसत नाही," असे म्हणणारेही भेटतात. त्यांना आजीने सांगितलेल्या नारदाच्या कथेची आठवण द्यावी. नारद स्नानासाठी पाण्यात बुडी मारतो तो स्त्री होऊन बाहेर येतो. संसार करतो, साठ पुत्रांना जन्म देतो, आणि त्या पुत्रांचीच नावे आपण संवत्सरे म्हणून पंचांगात वाचतो. योगवासिष्ठातील लवण राजा भर दरबारात एका जादूगाराच्या मोरपिसाकडे पाहता पाहता क्षणात दुसरे, हीनदीन असे दीर्घ आयुष्य जगून येतो. आणि पुढे शोध घेता ते गाव, ती माणसे त्याला खरोखरीच सापडतात. स्वप्न कोणते आणि जाग कोणती, या प्रश्नाशी आपले पूर्वज निर्भयपणे खेळले आहेत. मुक्ताबाईंच्या कूट अभंगांतील असंभाव्य चित्रे आपण भजनात गातो, आणि त्यांचा अर्थ लागेपर्यंत टाळ खाली ठेवीत नाही.

एक प्रत्यक्ष दुवाही येथे नोंदवावासा वाटतो. या चित्रपटाच्या पटकथेत बुन्युएलचा सहलेखक होता झाँ-क्लोद कारिएर. याच कारिएरने पुढे पीटर ब्रूक या दिग्दर्शकासाठी महाभारताचे नाट्यरूप सिद्ध केले. १९८५ साली फ्रान्समधील आविन्याँ येथे त्याचा सुमारे नऊ तासांचा प्रयोग झाला. २०१५ मध्ये भारत सरकारने कारिएरला पद्मश्री दिली. २०२१ मध्ये तो निवर्तला. ज्याने न होणाऱ्या जेवणाची गोष्ट लिहिली, त्याला व्यासांच्या उपकथांच्या अरण्यात वाट सापडावी, यात मला आश्चर्य वाटत नाही.

शोफर आणि धर्मगुरू

चित्रपटातील दोन प्रसंग मात्र अर्थाची वाट न पाहता थेट छातीवर येऊन बसतात. पहिल्यात ही मंडळी मद्य कसे सावकाश, घोट घोट घ्यावे याची चर्चा करतात, आणि गंमत म्हणून बाहेर उभ्या असलेल्या शोफरला आत बोलावून एक पेला देतात. तो बिचारा आभार मानून एका दमात पितो. तो गेल्यावर सगळे समाधानाने हसतात : सामान्य माणसाला हे कळावयाचे नाही! लक्षात घ्यावे, की हसणाऱ्यांतला एकजण राजदूत असून परराष्ट्र खात्याच्या पेटीतून अमली पदार्थांची ने-आण करतो. दुसऱ्या प्रसंगात एक धर्मगुरू माळ्याच्या कपड्यांत समोर येतो तेव्हा यजमान त्याला हाकलून देतात. तोच आपल्या झग्यात परत आला की वाकून स्वागत करतात.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या समाजाने हे प्रसंग जरा अधिक लक्षपूर्वक पाहावेत. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव : कोठेही जा, जुन्या मराठी घरांना आपल्या पंक्तीचा, आपल्या बोलण्याचा रास्त अभिमान आहे. त्या अभिमानानेच भाषा टिकली, मंडळे टिकली, गणेशोत्सव टिकले. परंतु नव्याने आलेल्या एखाद्या कामगाराची 'न' आणि 'ण' यांत गफलत होताच आपल्या ओठांवर उमटणारे स्मित, किंवा पंगतीत एखाद्याने भुरका मारताच फिरलेल्या नजरा, यांत आणि त्या शोफरच्या प्रसंगात अंतर किती? मी आयुष्यभर मुलांच्या शुद्धलेखनाच्या वह्या तपासल्या आहेत. शुद्ध भाषा हवीच. पण ती अंगावरच्या झग्यासारखी मिरविण्यासाठी वापरली, की माणूस दिसेनासा होतो. या म्हाताऱ्या स्पॅनिश दिग्दर्शकाने उपदेशाचे एकही वाक्य न उच्चारता हे दाखविले.

पाहावे कसे?

आता थोडे व्यावहारिक. हा चित्रपट मुले झोपल्यावर पाहावा. त्यात पिस्तुले आहेत, रक्त आहे, प्रौढांचे विषय आहेत. जेवणे आटोपून बसावे. दिवे मालवावेत आणि भ्रमणध्वनी दुसऱ्या खोलीत ठेवावेत. घरी पाहताना चित्रपट वाटेल तेव्हा थांबविता येतो. हीच सोय येथे घातक ठरते. स्वप्न मध्येच थांबवून मागे नेता येत नाही, म्हणूनच ते स्वप्न असते. उपशीर्षके वाचणे ज्यांना जड जाते त्यांना सहा पात्रांची ओळख आणि वर दिलेले एक वाक्य आधीच सांगावे. पुढचे काम चित्रे करतात. चित्रपट संपल्यावर "अर्थ काय?" हा प्रश्न प्रथम विचारू नये. "तुम्हांला काय आठवते?" असे विचारावे, आणि घरातील सर्वांत कमी बोलणाऱ्या व्यक्तीस पहिली संधी द्यावी.

एका दृश्याची मात्र वाट पाहावी. शेवटाकडे पुन्हा एकदा पाने मांडलेली असतात. बंदूकधारी घुसतात, गोळ्यांचा पाऊस पडतो. राजदूत टेबलाखाली लपतो, आणि तशाही स्थितीत त्याचा हात हळूच वर येऊन मांसाचा तुकडा चाचपडतो. तेथेच तो पकडला जातो, आणि दचकून जागा होतो. मध्यरात्र असते. तो उठतो, स्वयंपाकघरात जातो, शीतकपाटातून अन्न काढतो आणि एकटाच खाऊ लागतो. यजमान नाही, शिष्टाचार नाही, पाहणारे कोणी नाही. एवढ्या निमंत्रणांनंतर अखेर एका माणसाच्या पोटात अन्न पडते ते असे. ते दृश्य संपले तरी लगेच दिवे लावू नका. त्यानंतर ती सहा माणसे एका निर्जन रस्त्यावरून चालताना पुन्हा दिसतात. कोठे निघाली आहेत, हे दिग्दर्शक सांगत नाही. त्यांना चालू द्यावे.